दोर्राची हमी

"मला ठेवून घेतलंय म्हणून आईला सोडतायत," दोर्रा म्हणाली, आणि हम्मादीकाकांचा ऑलिव्ह मोजणारा हात तसाच थांबला. दुकानात गर्दी होती म्हणावं तर नव्हती. वरच्या मजल्यावरच्या बाई पावासाठी उभ्या होत्या, आणि एक अनोळखी माणूस थंड पेटीत वाकून पाण्याची बाटली शोधत होता. दोर्राची आई एम्ना पिशवीत हरीसाची, लाल मिरचीच्या वाटणाची, पुडी नीट बसवत होती. बसवतच राहिली. "सोडतायत म्हणजे गं? कोण सोडतंय?" हम्मादीकाकांनी विचारलं, लहान मुलांना विचारतात तसं, अर्धं चेष्टेत. "इटलीवाले. त्यांना वाटतं, आपली माणसं तिकडे गेली की परत येतच नाहीत. म्हणून एक मूल इकडे ठेवावं लागतं. मग ती येतात." "अस्सं होय! म्हणजे सोनाराकडे बांगडी तारण ठेवतात, तसं?" दोर्राने क्षणभर विचार केला. तिला बांगडी पसंत पडली असावी. "हां, तसंच," ती म्हणाली. वरच्या मजल्यावरच्या बाई खळखळून हसल्या. "काय हुशार पोर आहे गं तुझी, एम्ना! आमच्या जावयाला सांगायला पाहिजे, त्याचा व्हिसाचा अर्ज दोनदा परत आला. त्याने बायकोलाच ठेवून जावं." सगळे हसले. एम्नाही हसली. हसताना तिला आपल्या तोंडाचा आकार जाणवला. ओठ कुठपर्यंत ताणलेत, दात किती दिसतायत. पाण्याची बाटली घेऊन सरळ झालेला तो अनोळखी माणूस मात्र हसला नाही. त्याने दोर्राकडे पाहिलं, मग एम्नाकडे, आणि बाजूला सरून वाट दिली. एखाद्या आजारी बाईला देतात तशी.

बाहेर ऑगस्टचं ऊन भिंतींवरून उलटून अंगावर येत होतं. दोर्रा सावलीच्या पट्ट्यातून चालत होती, टोपी कपाळापर्यंत ओढून. ही टोपी तिला कधी आवडली नव्हती. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ती घालायची तर रोज भांडण. आणि अलीकडे ती स्वतःहून घालत होती, रस्ता ओलांडताना हात धरत होती, इमारतीच्या जिन्यावर कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. माशाचा तुकडा बोटांनी कुस्करून, काटे बघून, मगच तोंडात घालत होती. शेजारच्या मुलांनी सायकलवर बोलावलं तर "नको, पडले तर?" म्हणत होती. हे सगळं एम्नाने पाहिलं होतं. पाहिलं होतं एवढंच नाही, ती सुखावली होती. सात वर्षं जिच्यामागे 'हळू, हळू' म्हणत आपण धावलो, ती आता आपणहून हळू झाली. "किती शहाणी झालीस गं," असं ती कौतुकाने म्हणाली होती. किती वेळा? सासूबाईंसमोर, फोनवर आपल्या आईला, शाळेच्या दारात दुसऱ्या आयांना. आणि पोर दरवेळी मान खाली घालून, गंभीरपणे ते कौतुक घेत होती. कामाचं कौतुक घेतात तसं. तेव्हा कळायला हवं होतं. जी बाई ताप चढायच्या आधी नुसत्या श्वासावरून ताप ओळखते, तिला एवढं कळू नये? की कळायचंच नव्हतं? "आई, पिशवी जड आहे का? मी धरू एका बाजूने?" दोर्राने विचारलं. "नको," एम्ना म्हणाली. आवाज उगाचच तुटक आला. पोरीने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा सावलीचा पट्टा धरला.

सुरुवात किती निराळी होती. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर एम्नाने इटलीचा मोठा कागदी नकाशा चिकटवला तो मार्चमध्ये, आणि त्याच्याखाली दोर्रासाठी स्टूल ठेवलं. एम्नाने कॉलेजात भूगोल केला होता. लग्नानंतर तो भूगोल बाळाच्या लशी आणि दुधाच्या वेळांखाली कुठे तरी दडपून गेला होता. नकाशा लावला तसा तो वर आला. संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती सांगायची, आणि दोर्रा बोट ठेवायची. हा वरचा भाग बघ, इथे उन्हाळ्यातही बर्फ, इथली माणसं काळा पाव खातात आणि घरात जर्मन बोलतात. त्याच्याखाली हे सपाट मैदान, इथे भाताची शेतं. इटलीत भात? हो, बदकं पोहतात त्याच्यात. हे इथे रस्त्यांऐवजी पाणी. आणि टाचेजवळ ही घरं, दगडाच्या टोकदार टोप्या घातलेली, जशी काही माणसंच उकिडवी बसलीयत. आणि हा धूर सोडणारा डोंगर, हा तर आपल्या इतका जवळ की एखाद्या बोक्याने मनावर घेतलं तर पोहत जाईल. दोर्रा बोक्यावर हसून हसून स्टुलावरून पडता पडता राहिली होती. एकाच देशात इतके देश कसे, हे तिला सुटत नव्हतं. "मग त्यांचा राजा कुठल्या घरात राहतो?" "त्यांना राजा नाही." "आपल्याला?" "आपल्यालाही नाही." "मग आपण सारखेच." तिने टोप्यांच्या घरांवर लाल खूण केली, पाण्याच्या गावावर निळी, आणि डोंगरावर, त्याला राग येऊ नये म्हणून, फूल काढलं. तिघं जाणार होती. हे कोणी ठरवलं नव्हतं, कारण ते ठरवायची गरजच नव्हती.

मग नाजेतने ते वाक्य म्हटलं. नाजेत म्हणजे नणंद. इस्कंदरची मोठी बहीण, औषधाचं दुकान चालवणारी, आणि जगात कुठल्या दारावर कसं ठोठावायचं हे सगळं माहीत असलेली. सासूबाईंकडे रविवारच्या जेवणानंतर कलिंगड कापत ती म्हणाली, "पोरीचं नाव घालू नका हं अर्जात. वेडेपणा करू नका. अख्खं कुटुंब निघालं म्हटलं की त्यांना काय वाटतं? की ही निघाली बिऱ्हाड घेऊन. एक मूल मागे ठेवलं की त्यांचाही जीव थंड, तुमचंही काम फत्ते. आमच्या गल्लीत सगळे असंच करतात. मुनीराने धाकट्याला ठेवलं, तिला व्हिसा मिळाला. तिच्या दिराने सगळ्यांना घेतलं, त्याला नाही." "म्हणजे मुलं ओलीस ठेवायची?" इस्कंदर हसत म्हणाला. "ओलीस काय रे! आजीकडे राहणार, समुद्रावर खेळणार, आईस्क्रीम खाणार. असली ओलीस मी पण राहीन." सासूबाई अर्धवट ऐकत, बिया वेचत म्हणाल्या, "मला कसली इटली! आमच्या वेळी इटली घरात यायची. गच्चीवर जाऊन अँटेना हलवली, की टीव्हीवर त्यांची बाई गाणं म्हणायला लागायची. पाऊस असला की नुसती मुंग्यांची वारुळं." सगळे हसले आणि कलिंगड संपलं. इस्कंदरने गाडीत बसल्यावर विचारलं होतं, "तुला खरंच वाटतं, ठेवावं दोर्राला?" प्रश्न साधा होता. तो उत्तराची वाट बघत होता. विमा कंपनीत दिवसभर माणसांच्या शंका ऐकून त्याला वाट बघायची सवय होती. मागच्या सीटवर दोर्रा झोपली होती, तोंड उघडं टाकून, गालावर सीटच्या शिवणीचे वळ. एम्ना म्हणाली, "हो. नाजेत म्हणते ते बरोबर आहे." लगेच म्हणाली. आता त्या 'लगेच'पाशी ती पुन्हा पुन्हा येऊन थांबत होती. विचार करायला लागते तेवढीही जागा त्या दोन वाक्यांच्या मध्ये नव्हती.

कारण अंगातून काहीतरी सुटलं होतं. गाडी तळ्याकाठच्या रस्त्याने चालली होती, खिडकीतून खारट वास येत होता, आणि एम्नाच्या खांद्यांवरून कोणीतरी हात काढून घ्यावेत तसं तिला झालं होतं. दहाएक दिवस. दहाएक दिवस कोणी पडणार नाही, कोणाला ताप येणार नाही, गर्दीत कोणाचं बोट सुटणार नाही. दुपारी झोप येईल तेव्हा झोप. उंचावरून खाली बघताना फक्त खाली बघायचं. ती या विचाराला घाबरली नाही. इतका तो गोड होता. घाबरली ती नंतर, जेव्हा बेत पुन्हा मांडायला बसली तेव्हा. दोर्रा वगळली आणि बेत कसा सुटसुटीत झाला! खेळण्यांचं संग्रहालय गेलं, दुपारच्या विश्रांत्या गेल्या, 'जवळ दवाखाना आहे का' हे बघणं गेलं. त्यांच्या जागी डोंगरातली लांब पायवाट आली, तिथल्या लाकडी झोपडीतला मुक्काम आला, लहानशा बोटीतून बेटावर जाणं आलं. भूगोलाच्या पुस्तकात जिच्या चित्राकडे ती वर्गात तासन्‌तास बघत बसायची ती गुलाबी खडकांची रांग आली. प्रत्येक ठिकाणी मुलगी काढली की काहीतरी सुंदर आत येत होतं. तिने ते सगळं उत्साहाने इस्कंदरला दाखवलं होतं. फक्त टोप्यांची घरं तिने काढली तेव्हा तिचा हात अडखळला. ती वाटेत नव्हती, पार टाचेला होती, दोन दिवस खाणारी. काढली.

आणि व्हिसाच्या ऑफिसात तर तिने हसूनच सांगून टाकलं. तळ्याकाठची ती काचेची इमारत, आत गारठा, प्रत्येकाच्या मांडीवर फाईल, आणि सगळ्यांनी परीक्षेला बसल्यासारखे घातलेले इस्त्रीचे कपडे. खिडकीपलीकडची मुलगी एम्नापेक्षाही लहान असेल. तिने वर न बघता विचारलं, "मुलं?" एवढंच. आणि एम्ना पुढे झुकून, गोड आवाजात म्हणाली, "एकच मुलगी. ती इथेच राहतेय, आजीजवळ." जणू काही टेबलावर एक वस्तू ठेवली आणि बोटाने थोडी पुढे सरकवली.  खिडकीतल्या मुलीने पान उलटलं. तिला ते नको होतं. तिने ते मागितलंच नव्हतं. वळताना एम्नाला मागच्या रांगेत एक जोडपं दिसलं, बाबागाडी घेऊन आलेलं, आणखी एक मूल बापाच्या पायाला लटकलेलं. आई बाळाच्या तोंडात बिस्किट कोंबत होती आणि बाप चौघांचे पासपोर्ट पत्त्यांसारखे हातात धरून बसला होता. चौघांचे. एम्नाने नजर काढून घेतली. त्यांना नाही मिळणार, ती मनाशी म्हणाली. आणि मिळू नये असं तिला वाटलं, हेही तिला कळलं. मग घरी येऊन तिने दोर्राला मांडीवर घेतलं. "राणी, त्यांचा नियमच असा आहे," ती म्हणाली होती. "एका मुलाला घरी ठेवावंच लागतं." दोर्रा रडेल म्हणून तिने खिशात चॉकलेट ठेवलं होतं. दोर्रा रडली नाही. तिने बराच वेळ नकाशाकडे पाहिलं, आणि विचारलं, "आणि त्या मुलाला काही झालं तर?" "तर काय? तर आई लगेच परत येते." हे एम्नाने प्रेमाने म्हटलं होतं. आता जिना चढताना, पुढे कठडा धरून सावकाश चढणाऱ्या त्या टोपीकडे बघताना, तिला ते वाक्य पोरीच्या कानांनी ऐकू आलं.

त्या संध्याकाळी तिने दुकानातली गोष्ट इस्कंदरला सांगितली. पासपोर्ट येऊन पडले होते, तिकिटं काढली होती, निघायला आठवडा होता. इस्कंदर बूट काढत होता. "अगं, मुलांचं काय, काहीही बोलतात," तो म्हणाला. "ती खूश आहे. सगळ्या बिल्डिंगमध्ये मिरवतेय." "तेच तर." "तेच तर काय?" "ती समुद्रात जात नाहीय, इस्कंदर. गेल्या रविवारी सगळी पोरं पाण्यात, आणि ही पोहायचा ड्रेस घालून वाळूत बसली. मला वाटलं, पाणी गार असेल." त्याने दुसरा बूट काढला आणि हातातच धरला. "आता काय करायचं मग? आता तिचा अर्ज होणार नाही, वेळ गेली." "माहितेय." "तूच म्हणालीस ना, नाजेतचं बरोबर आहे?" तो रागावला नव्हता. आठवण करून देत होता फक्त. "मी विचारलं होतं तुला," तो पुन्हा म्हणाला, हळू, आणि बूट दाराशी नीट जोडीने ठेवले. एम्नाला वाटलं त्याने ओरडावं. तो ओरडला असता तर तिला उलट ओरडता आलं असतं, आणि दोघांच्या आवाजात ते 'लगेच' कुठेतरी हरवलं असतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंकडे वर्षभराचा कुसकुस वळायचा होता. ला गूलेतच्या त्या घराची गच्ची समुद्राकडे उघडी. पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, त्यांच्यावर कालचा वाळत घातलेला कुसकुस, पिवळसर, वाळूसारखा. मोठ्या लाकडी परातीत सासूबाई रव्यावर मिठाचं पाणी शिंपडायच्या आणि तळहात गोल गोल फिरवायच्या, त्यांच्या हाताखाली रव्याचे दाणे धरायला लागायचे. वर्षात एकदा घडणारी ही गोष्ट एम्नाला आवडत असे. हातांना काम आणि डोक्याला रजा. आज डोकं रजेवर जात नव्हतं. "पाणी जास्त झालं," सासूबाई म्हणाल्या. "लक्ष कुठाय तुझं? आत्तापासून इटलीत? तिथे काय खाल तुम्ही? शेवयाच शेवया." मग दोर्राकडे वळून, "आणि ही बघ माझी वाघीण. आईबापाला परत आणणारी. या देशांचं काही खरं नाही बाई, माणसावर विश्वास नाही यांचा. लेकराला धरून ठेवतात! माझ्या भावाला फ्रान्सने असंच रखडवलं होतं..." दोर्रा चाळणी हलवत होती. तिच्या नाकाच्या शेंड्यावर रवा होता. ती खूश दिसत होती, आणि तिच्या त्या खुशीकडे बघवत नव्हतं. खाली कोणीतरी दार वाजवलं. "नाजेत आली वाटतं, चाळण्या घेऊन," म्हणत सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि जिन्याने खाली गेल्या.

गच्चीवर दोघीच उरल्या. खाली किनाऱ्यावर पोरांचा गलका, एकाच आवाजासारखा. एम्नाने हात परातीतून काढले. बोटांना ओला रवा चिकटून ती जाड झाली होती. "दोर्रा," ती म्हणाली, "आम्ही नाही जाणार." रात्रभर तिने हे वाक्य जपून ठेवलं होतं. हे म्हटलं की सगळं धुऊन निघेल असं तिला वाटलं होतं. आपण काहीतरी देतोय, मोठं, दुखणारं, असं. चाळणी थांबली. "का?" "असंच. तुला सोडून नाही जायचं मला." दोर्राचा चेहरा उजळला नाही. तो हळूहळू लाल झाला. "असं कसं?" ती म्हणाली. "मग मी एवढे दिवस पाण्यात गेले नाही, ते?" एम्ना बोटांवरचा रवा खरवडू लागली. "मला जायचं होतं, आई. रोज जायचं होतं. मी सायकलपण नाही घेतली. आणि आता तू म्हणतेस, नाही जाणार!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते मनगटाने पुसलं, हाताला रवा होता म्हणून. देणगी म्हणून आणलेलं ते वाक्यही शेवटी आपल्याच खिशात राहिलं, हे एम्नाला कळलं. पोरीने जे खरोखर दिलं होतं, तेही त्या वाक्याने हिसकावून घेतलं होतं. मग उरलं होतं ते एकच, आणि ते तिने म्हटलं, परातीकडे बघत, कारण वर बघणं जमेना. "नियम नव्हता तसा. मी खोटं बोलले. तुलाही नेता आलं असतं. निदान विचारता आलं असतं. मी विचारलंच नाही."

 दोर्रा रडेल, परात ढकलेल, उठून जाईल. एम्नाने सगळ्याची तयारी केली होती, नेहमी करते तशी. पोरीने चाळणी पुन्हा हलवायला घेतली. दाणे खाली पडत होते, बारीक, एकसारखे.  "का नाही विचारलं?" शेवटी तिने विचारलं. एम्नापाशी उत्तर होतं. गाडीतला तो खारट वास, खांद्यांवरून निघालेले हात, गुलाबी खडक. सात वर्षांच्या मुलीला यातलं काय सांगायचं? "मी दमले होते," ती म्हणाली. हेही पूर्ण खरं नव्हतं. पण खोट्याच्या बरंच अलीकडचं होतं. दोर्राने ते ऐकलं. तिच्या भुवया जवळ आल्या, अवघड गणित सोडवताना येतात तशा. "माझ्यामुळे?" एम्नाने मान हलवली, नाही म्हणून, पण मान हलायला उशीर झाला होता, आणि त्या उशिराकडे दोर्रा नीट बघत होती. बघायला तिला कोणी शिकवलं होतं? "बाबांना माहितेय?" "हो." "मीमाला?" "नाही." आजीला ती मीमा म्हणे. दोर्राने चाळणीच्या कडेला टिचकी मारून अडकलेले दाणे पाडले. "मग तिला सांगू नकोस," ती म्हणाली. "ती सगळ्यांना सांगते, की इटलीवाले वाईट आहेत. मग तुझंही तसंच सांगेल."

जिन्यात सासूबाईंचा दम लागलेला श्वास ऐकू आला, मग त्यांचं डोकं, मग नाजेतने दारातूनच दिलेल्या, एकात एक घातलेल्या तीन चाळण्या. एम्नाने पटकन हात परातीत घातले. तिचे डोळे भरले होते, आणि चेहरा लपवायला गच्चीवर जागा नव्हती. सगळीकडे पांढऱ्या चादरी आणि ऊन. "काय गं, दोघींची काय खलबतं चाललीयत?" सासूबाईंनी विचारलं. "आणि ही का अशी? रडलीस की काय एम्ना?" एम्नाने तोंड उघडलं.  "काही नाही, मीमा," दोर्रा म्हणाली. मान खाली, हात चालू; आवाज अगदी सहज. "आईला मला सोडून जायला वाईट वाटतंय. ती विचारत होती, तिकडून मला काय आणू." "मग? काय सांगितलंस?" "काही नको म्हटलं." सासूबाईंनी चाळण्या खाली ठेवल्या, पदराने कपाळ पुसावं तसं बाहीने पुसलं आणि नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. "ऐकलंस का एम्ना? काही नको म्हणते! एवढीशी पोर, आणि आईचं मन कसं सांभाळते." त्या परातीशी बसल्या, आणि दोन्ही हात रव्यात घालत म्हणाल्या, "तुझ्यावर गेलीय हो. अगदी तुझ्यावर." दोर्राने वर पाहिलं नाही. "हो," एम्ना म्हणाली.